माहेरी जाणारी नळी

फ्रीजर रिकामा होता आणि लख्ख पुसलेला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी त्याने सवयीने दार ओढलं, तर तोंडावर यायची ती गार वाफ आलीच नाही. जंतुनाशकाचा उग्र वास आला. कप्पे कोरडे होते. हवा खेळती राहावी म्हणून कुणीतरी दाराच्या फटीत लाकडाची पट्टी अडकवली होती. त्याने दार लावलं, पुन्हा उघडलं. नसलेली वस्तू दुसऱ्यांदा बघितली की सापडेल असं माणसाला का वाटतं कोण जाणे. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळी प्रयोगशाळा हवामान खातं म्हणायची, कारण तो प्रत्येक गोष्टीचा अंदाज आधी सांगायचा आणि तो बहुतेक चुकायचा. तो मागे येऊन उभा राहिला आणि खाली मान घालून सांगू लागला. सुट्टीत यंत्र बंद पडलं होतं. कधी, ते कळायला मार्ग नव्हता. देखरेखीची पाळी त्याची होती. तो आला तेव्हा आतलं सगळं वितळून कोमट झालं होतं, आणि नियम असा की वितळलेला जंतूंचा साठा ठेवायचा नाही. नियमाप्रमाणे त्याने सगळ्या पेट्या वाफेच्या भांड्यात घालून निर्जंतुक केल्या होत्या. "वहिनींची पेटीही गेली त्यात," तो म्हणाला. "वरची नावं वाचलीच नाहीत रे मी. वाचली असती तर हात चालला नसता."

बरोबर केलंस, असं त्याने हवामान खात्याला सांगितलं. ते खरंही होतं. मग आपल्या टेबलाशी येऊन त्याने बर्नर पेटवला, तारेचं कडं लाल होईपर्यंत ज्योतीत धरलं, आणि पुढे काहीच करायचं नसल्यामुळे ते तसंच थंड होऊ दिलं. बायको जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. भेटायला येणारे यायचे थांबले होते, तिचे चपलांचे जोड मुलीने नेऊन कुणाला तरी दिले होते, आणि जायचं तेवढं सगळं गेलं, आता याहून काही जाणार नाही, असा एक हिशेब त्याने मनाशी करून टाकला होता. त्या हिशेबात फ्रीजर धरलेलाच नव्हता. आता त्याच्या लक्षात आलं की रोज सकाळी त्या दारावरून जाताना आपण निर्धास्त असायचो. आत तिचं काहीतरी होतं, धड जिवंत नाही, धड मेलेलं नाही, नुसतं थांबलेलं. एका दूध कारखान्याच्या थंड खोलीतल्या ओल्या भिंतीवरून तिने ते कापसाच्या बोळ्याने टिपून आणलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली बघावं तर द्राक्षाचे घोस, अगदी माणसाच्या कातडीवर घर करून असलेल्या त्या नेहमीच्या बिनउपद्रवी जंतूसारखे. ताटलीत वाढवलं तरी तसेच पांढरे, गुळगुळीत ठिपके. कुणीही म्हणालं असतं, हा तोच. ती म्हणाली, तोच नाही, बहीण आहे. "अहो, जुळ्या बहिणींच्या आईला विचारा, फसते का ती? चेहरा बघायचा नाही. काय खाते आणि खाऊन काय करते ते बघायचं." आणि तिने नळ्या मांडल्या, प्रत्येकीत वेगळी साखर आणि लाल रंगाचं औषध. जंतूने साखर खाल्ली की आंबट होतं आणि लाल नळी पिवळी पडते. नाही खाल्ली तर लालच राहते. नेहमीची बहीण ट्रेहालोज नावाच्या साखरेला तोंड लावत नसे. हिने ती खाल्ली. नळी दुपारपर्यंत पिवळी झाली आणि संध्याकाळी पुन्हा लाल, कारण साखर संपल्यावर हिने दुसरं अन्न खायला घेतलं आणि आंबटपणा मारून टाकला. "माहेरी जाऊन आली," ती म्हणाली होती, आणि तेव्हापासून त्या दोघांच्या टेबलांवर कुठलीही नळी अशी रंग बदलून परतली की ती माहेरी जाऊन यायची.

ही जात नवी आहे हे तिला सिद्ध करायचं होतं. कागद अर्धेअधिक झाले होते, पण कागदावर जात उभी राहत नाही. जिवंत जंतू दोन वेगवेगळ्या जंतुसंग्रहालयांना द्यावा लागतो, म्हणजे कुणालाही तो मागवून पडताळता येतो. ती देणार होती. मग तिचं दुखणं निघालं आणि तिला उठता-बसता धाप लागायला लागली. ती गेल्यावर प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, सांगितलं होतं की घाई नाही, तुम्ही सावरा, मग आपण बघू. आज त्याच मॅडम फ्रीजरजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि जिवंत जंतू नाही म्हणजे विषय संपला, हे सांगायला त्यांना शब्द सापडेनात. तेव्हा त्यानेच ते वाक्य पुरं करून त्यांची सुटका केली.

घरी परतताना जिन्यात त्याला एकदम आठवलं आणि तो पायरीवरच थांबला. मागून येणाऱ्या शेजारणीची पिशवी त्याच्या पाठीवर आपटली. तिने काय झालं विचारलं, आणि तो म्हणाला, "डबी!" ती बिचारी पिशवीत बघायला लागली. पण तो तोवर दोन-दोन पायऱ्या टाकत वर पोचला होता. दुखण्याच्या रजेवर जाताना ती कामावरून एक चपटी काचेची डबी घेऊन आली होती, अंगठ्याएवढी, आत घट्ट खळ, आणि खळीत सुई खुपसून सोडलेली धाकटी. धाकटी हे नाव त्या नव्या जातीला तिनेच पाडलं होतं. थोरली म्हणजे त्यांची मुलगी, जी आता दूरच्या शहरात नोकरी करत होती. अशा डबीत, मेणाने तोंड बंद करून अंधारात ठेवली, तर ही जात वर्षानुवर्षं तग धरते. तिने ती कपड्यांच्या कपाटात ठेवली होती हे त्याला पक्कं आठवत होतं, कारण त्यावरून त्याने तिला बोलून घेतलं होतं, माणसं कपाटात अत्तर ठेवतात म्हणून. कपाट उघडून त्याने घड्या उपसल्या, पलंगावर फेकल्या, खण ओढला तो सरळ हातात आला. मोज्यांच्या मागे डबी होती. घाईघाईने सोलताना मेण नखात रुतलं. आणि तिथेच, कपाटासमोर उभ्या उभ्या, त्याने झाकण फिरवलं आणि वास घेतला. धाकटीला कच्च्या बटाट्याचा वास येतो असं ती म्हणायची. त्याला तो कधी आला नव्हता. आता आला. निदान आल्यासारखं वाटलं. तो पलंगावर त्या कपड्यांच्या ढिगात बसला आणि हसत सुटला.

दुसऱ्या दिवशी त्याने डबीतली खळ खरवडून ताटलीवर रेघा मारल्या, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ताटली उघडली तर रेघांच्या टोकाला पांढरे ठिपके, सुबक, गुळगुळीत, टपोरे. तो दाराकडे बघून उगाचच "आली," म्हणाला. काचपट्टीवर एक ठिपका घेऊन त्यावर औषधाचा थेंब सोडला तर असा फेस उसळला की पट्टीच्या कडेवरून सांडला. तसा तो दोन्ही बहिणींचा उसळतो, हे काय त्याला माहीत नव्हतं? पण माहीत असणं एकीकडे आणि तो फेस एकीकडे. रक्तातलं पाणी हिने गोठवलं नाही, म्हणजे घातक भावंडांपैकी कुणी नव्हे. मग युरियाची नळी. नेहमीची बहीण तिला गुलाबी करते, धाकटी करत नसे. नळी दिवसभर पिवळसर राहिली, संध्याकाळीही पिवळसर, दुसऱ्या सकाळीही. गुलाबी नाही! त्याने ती खिडकीत धरली, दिव्याखाली धरली, पांढऱ्या कागदासमोर धरली, आणि प्रत्येक वेळी ती गुलाबी नव्हती. आयुष्यभर त्याची ख्याती होती ती कोरड्या वाचनाची. दिसतं ते लिहायचं, वाटतं ते नाही. आणि त्यावर बायको म्हणायची की यांच्या वहीत तीन खुणा, अधिक, उणे आणि 'बघू', आणि आमच्या लग्नाच्या वेळी यांनी 'बघू'ची खूण केली होती. आता त्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा राहिला नव्हता. त्याने हवामान खात्याला हाक मारली, काय आहे ते न सांगता नळी त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, "युरिया ना? उणे. आणि उद्या ऊन पडेल."

त्या दिवशी त्याने मुलीला फोन केला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवताय ना नीट? तुमचा आवाज वेगळाच येतोय." त्याने विचारलं, वेगळा म्हणजे कसा. ती म्हणाली, "हसरा." आणि दोघांनाही चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं. मग त्याने डबीचं सांगितलं, फेसाचं सांगितलं, युरियाचं सांगितलं, इतक्या घाईने की मधेच त्याला दम लागला. ती ऐकत राहिली. धाकटीवर तिचा लहानपणापासूनच्या एकुलत्या एक मुलीसारखा राग होता, खोटा पण मुरलेला. ती म्हणाली, आईने हिचं कौतुक माझ्यापेक्षा जास्त केलं. मी साखर खाल्ली की ओरडायची. मग आवाज खाली आणून म्हणाली, नाव काय ठेवायचं होतं हो आईला? त्याला ते माहीत नव्हतं. त्याने बायकोला विचारलं होतं, पण उत्तर मिळालं नव्हतं. "तुम्हाला नावं ठेवता येतात," ती म्हणाली होती, "नाव ठेवणं माझ्याकडे राहू द्या." फोन ठेवल्यावर तो बराच वेळ खोलीत फिरत राहिला. पायाला भिंगरी लागली होती. आनंद व्हावा असं काही झालं होतं का? कपाटातल्या डबीतून काही पांढरे ठिपके आले होते. पण वर्षभर ज्या घरात सगळ्या गोष्टी संपत चालल्या होत्या, तिचं औषध, तिचा साबण, तिने आणलेली शेवटची सुईदोऱ्याची रिळं, त्या घरातून काहीतरी पहिल्यांदाच वाढत होतं. रातोरात दुप्पट, चौपट होत होतं. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटूनही हुरूप जाईना.

राहिली होती ट्रेहालोजची नळी. ती त्याने दुपारी लावली होती, आणि सकाळी येऊन बघितली तर लाल. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मग लगेच त्याच्या ध्यानात आलं आणि जीव भांड्यात पडला: लाल म्हणजे दोन गोष्टी असू शकतात. एक तर ती माहेरी गेलीच नाही, किंवा तो झोपेत असताना जाऊन परत आली. फरक फक्त मधल्या वेळात कळणार. एवढी वर्षं नळ्या वाचून आपण हे विसरलो, म्हणून त्याने स्वतःला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या, आणि त्या शिव्या घालतानाही त्याला मजा येत होती. पुन्हा लावायचं. या वेळी सकाळी लावायचं आणि दिवसभर जागचं हलायचं नाही. एक कशाला, त्याने ताटलीच्या चारी बाजूंचे ठिपके वेगवेगळे उचलले, न जाणो दोघी बहिणी मिसळून वाढल्या असतील तर, आणि रांगेत नळ्या लावून उबेच्या कपाटासमोर खुर्ची ओढून बसला. मॅडम आत डोकावून गेल्या आणि थोड्या वेळाने त्याच्यासाठी चहा पाठवला. कपाटाच्या काचेतून लाल रांग दिसत होती. तिची आणि त्याची ओळख अशाच रांगेसमोर झाली होती. तेव्हा ती नवी आली होती आणि तो जुना होता, आणि तिने त्याला विचारलं होतं की नळी पिवळी झाली हे नक्की कोणत्या क्षणी म्हणायचं? त्याने उत्तर दिलं होतं की शेजारी जंतू न लावलेली नळी ठेवायची आणि तिच्याशी ताडून बघायचं. ती म्हणाली होती, म्हणजे एकटीकडे बघून कळत नाही. त्याला तेव्हा ते नुसतं तंत्र वाटलं होतं. नंतर एकदा, दुखण्यात, तिने त्याच्या दंडाला धरून पलंगावरून उठताना म्हटलं होतं की तुमच्याशी ताडून बघते तेव्हा कळतं मी किती पिवळी पडले. ती अशी विनोद करायची आणि तो हसायचा नाही. आता तो त्या खुर्चीत बसून हसला. मग पुन्हा नळ्यांकडे बघितलं. एक किंचित फिकी वाटत होती. तो उठला, काच उघडली, नळी काढून न लावलेल्या नळीशेजारी धरली. फिकी होती का? त्याने डोळे मिटले, उघडले. फिकी असावी. त्याच्या कानशिलात ठणके पडत होते. तेवढ्यात हवामान खातं आलं, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभं राहिलं. त्याने नळी पुढे केली.

"काय सांगू?" तो म्हणाला.

"दिसतं ते."

"लाल आहे. सगळ्या लाल आहेत." आणि जरा थांबून, "पिवळी म्हणालो असतो रे. आज सकाळपासून घोकत होतो, पिवळी म्हणायचं म्हणून. पण तू पकडलं असतंस."

दुपार झाली, कलली. कुणी जेवायला बोलावलं, तो गेला नाही. नळ्या लालच होत्या. लाल म्हणजे लाल, संशयाला जागा नाही अशा. ती माहेरी गेलीच नव्हती. संध्याकाळी मॅडमनी स्वतः बाकीच्या साखरा वाचल्या आणि आपल्या शांत आवाजात सांगितलं की ही धाकटी नव्हे, ही कातडीवरचीच, नेहमीची. युरियाच्या बाबतीत मात्र विक्षिप्त, क्वचित एखादी निघते तशी. डबी भरतानाच हात लागला असेल. "शेवटी शेवटी त्यांचे हात थरथरायचे," त्या म्हणाल्या, "मी बघितलं होतं. त्यांनी हातमोजे घालायचं सोडलं होतं, बोटं सुजायची म्हणून. सुईला बोट टेकलं असणार, आणि धाकटीऐवजी तेच आत गेलं." मग, जणू हे बोलायला नको होतं असं वाटून, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि काही लागलं तर सांगा म्हणून निघून गेल्या.

तो उभाच राहिला. धाकटी गेली हे त्याला कळलं, आणि कळूनही जे व्हायला हवं होतं ते होईना. हातपाय गळेनात. उलट मघाचीच ती धडधड, आणखी जोरात, कारण मॅडमनी एक शब्द उच्चारला होता आणि तो शब्द त्याच्या डोक्यात घण मारत होता. बोट. भिंतीवरची धाकटी कुणाचीही होती, कारखान्याची, ओलीची. पण ही? ही तिच्या बोटावर राहत होती. तिच्याबरोबर जेवली, तिच्याबरोबर झोपली, तिच्या घामावर वाढली. ती गेली त्या दिवशी ही कपाटात मोज्यांच्या मागे बसून होती. त्याने ताटली उचलली आणि नाकाजवळ धरली, आणि त्या क्षणी जागच्या जागी थिजला. कपाटासमोरची संध्याकाळ त्याला लख्ख आठवली. नखात रुतलेलं मेण, झाकण फिरवणारा आपला अंगठा, डबीच्या काठाला लागलेली आपली बोटं, उघड्या डबीवर वाकलेलं आपलं तोंड. ज्योत नाही, काही नाही; आपल्याच बोटावरची आत गेली असेल तर? शिकाऊ पोरानेही हे केलं नसतं. डबी तिने भरली तेव्हाच ही आत शिरली असेल, तर सुईच्या वाटेवर खळीत पांढरी रेघ उमटलेली असणार, झाकण उघडायच्या आधीपासून. होती का रेघ? त्याने वास घेतला होता. बघितलं नव्हतं. सारं आयुष्य ज्याने बघण्यावर काढलं, त्याने नेमक्या त्या एका डबीचा वास घेतला, आणि दुसऱ्या दिवशी हौसेने सगळी खळ खरवडून काढली. आता तिला विचारायची सोय नव्हती.

पण एक वाट होती. आपलं बोट. ताटलीवर आपलं बोट टेकवायचं, जे उगवेल ते याच नळ्यांत घालायचं. आपली युरिया गुलाबी करणारी, चारचौघींसारखी निघाली, तर ही विक्षिप्त तिची. आणि आपलीही विक्षिप्त निघाली, तर मग सांगता यायचं नाही. एका टॉवेलला इतकी वर्षं हात पुसलेल्या दोन माणसांत कुणाचं काय कुणाकडे गेलं, हे सांगणारी साखर अजून निघालेली नव्हती. त्याने नवी ताटली काढली. झाकण काढून बाजूला ठेवलं. खळ स्वच्छ, पाण्यासारखी चकचकीत होती आणि तिच्यात छतावरचा दिवा दिसत होता. त्याने उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं, खळीपासून केसभर अंतरावर आणलं, आणि तिथेच धरलं. हवामान खात्याने निघताना दारातून विचारलं, "निघायचं का?" तो म्हणाला, हो, आलोच. हात मागे घेतला, झाकण लावलं. विक्षिप्तेची ताटली मात्र त्याने उबेत नीट परत ठेवली आणि तिच्यातला एक ठिपका नव्या डबीत सुईने उतरवला, ज्योतीपाशी, मान वळवून, श्वाससुद्धा न सोडता. डबीचं तोंड मेणाने बंद केलं. वर काय लिहायचं ते त्याला ठरवता येईना, म्हणून तारीख लिहिली.

जिन्यावर तो दोन-दोन पायऱ्या उतरत होता. उद्या मुलीला सगळं सांगायचं होतं; धाकटी नाही हे आधी, आणि बाकीचं नंतर. ताटली तयार आहे. बोट टेकवायचं राहिलं आहे.